लग्न झालं की होईल ठीक?

आमच्या दापोड्यात कुणाला काय झालंय हे गावापासून फार दिवस लपत नाही. कुणाची शुगर किती आली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठाण्याला झालं की कळव्याला, कुणाच्या मूतखड्याचा आकार किती मिलिमीटर... सगळं ओटीवर बसल्या बसल्या कळतं. कावीळ झाली तर दहा जणी दहा औषधं सांगायला येतात. पण घरातल्या वीस वर्षांच्या मुलीची पाळी चार महिने आली नाही, ही बातमी मात्र आई आणि फार तर मावशी यांच्या पुढे जात नाही.

हळूहळू एक शब्द मात्र गावात येऊन पोचलाय. पीसीओडी. हळदीच्या मांडवात, गौरी-गणपतीत, कुणाच्या बारशाला दोन बायका जरा बाजूला होऊन बोलायला लागल्या की तो कानावर पडतो. "तिला ना, ते पीसीओडी हाय." मग एक सुस्कारा. आणि लगेच पुढचं वाक्य, जणू काही औषधाची चिठ्ठीच लिहून दिली: "लगीन झाला का सगला बरा व्हईल."

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. कारण ते फक्त आमच्या गावच्या म्हाताऱ्या बोलत नाहीत. माझ्या एका मामेबहिणीला, वय वर्षं २१, एका डॉक्टरांनी तपासून झाल्यावर तिच्या आईला हेच सांगितलं होतं. शुद्ध मराठीत सांगितलं, एवढाच काय तो फरक. "आत्ता काही काळजी नको, लग्न करून टाका, मूल हवं असेल तेव्हा या." पोरगी तिथेच खुर्चीत बसली होती. तिला काय होतंय, हे तिला कुणी विचारलंच नाही.

मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून टाकते. पण घरात तीन जणींना हा त्रास आहे म्हटल्यावर वाचावं लागलं, विचारावं लागलं. जे कळलं ते माझ्या भाषेत सांगते.

आपल्याकडे पूर्वी पावसाआधी राब भाजायचे, त्यात भात पेरायचे, रोपं आली की उपटून शेतात आवणी करायचे. बाईच्या बीजकोशात दर महिन्याला साधारण असंच चालतं. बीजांडांच्या काही पिशव्या एकदम वाढायला लागतात. त्यातली एक पुढे जाते, पूर्ण वाढते, फुटते आणि बीज बाहेर पडतं. बाकीच्या जिरून जातात. पीसीओएसमध्ये रोपं उगवतात, वीतभर होतात आणि तिथेच थांबतात. आवणीला एकही येत नाही. सोनोग्राफीत माळेसारखे दिसणारे ते काळे ठिपके म्हणजे ही थांबलेली रोपं.

म्हणजे त्या गाठी नव्हेत, हे आधी डोक्यात पक्कं करायला हवं. नावात 'सिस्ट' आहे म्हणून लोकांना वाटतं पोटात गाठी झाल्या, आता कापून काढाव्या लागणार, नाहीतर कॅन्सर होणार. नावाचा हा घोळ मोठ्या लोकांनाही मान्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांच्या मंडळाने २०१२ सालीच सांगितलं होतं की हे नाव दिशाभूल करतं, बदला.

रोपं थांबतात का? तर त्यामागे हार्मोन्सचं त्रांगडं आहे. प्रत्येक बाईच्या शरीरात थोडी पुरुषी हार्मोन्स असतातच, इथे ती जास्त तयार होतात. म्हणून हनुवटीवर राठ केस, पाठीवर-गालावर मुरुमं, आणि डोक्यावरचे केस मात्र विरळ. बऱ्याच जणींमध्ये शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं आणि ते जास्तीचं इन्सुलिन बीजकोशाला आणखी पुरुषी हार्मोन्स बनवायला लावतं. मुलीच्या मानेवर मागे काळा मखमली पट्टा दिसतो ना, आई ज्याला मळ समजून बेसन लावून घासत बसते, तो बऱ्याचदा या इन्सुलिनच्या गडबडीचा असतो. तो घासून जाणार नाही हो. बिचारीची मान सोलून निघते फक्त.

आणि हा आजार दुर्मिळ तर अजिबात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने पाळी सुरू असण्याच्या वयातल्या दहा बायकांमागे साधारण एकीला तो असतो, आणि असलेल्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत बायकांना त्याचा पत्ताच नसतो. परळच्या प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेने मुंबईतल्या वस्त्यांमध्ये जाऊन १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास केला होता, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात रॉटरडॅमच्या निकषांनी २२.५ टक्के मुलींत पीसीओएस सापडला, आणि जास्त कडक निकष लावले तरी १०.७ टक्के. परळ काही आपल्यापासून सातासमुद्रापार नाही. तिथल्या पोरी आणि मानकोली-दापोड्याच्या पोरी यांच्यात असा काय मोठा फरक असणार?

आता 'लग्नानंतर ठीक होईल' याकडे येते. त्यात एक गृहीतक लपलेलं आहे. पाळी ही मुलासाठीच असते, त्यामुळे मूल हवं असेल तेव्हाच तिची काळजी करायची. गंमत म्हणजे या आजाराचा जन्मच त्या चष्म्यातून झालाय. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांची हकिकत लिहिली. पाळी नाही, मूल नाही, बीजकोश मोठे. त्यांनी बीजकोशाचा एक तुकडा कापून काढला आणि पाळी सुरू झाली. तेव्हापासून या बाईकडे बघण्याची नजर 'हिला मूल होईल का' एवढीच राहिली. मधल्या नव्वद वर्षांत वैद्यकशास्त्र बरंच पुढे गेलं, आपली ओटी अजून तिथेच आहे.

पाळी न येण्याचा मुलाशी संबंध नसलेला एक अर्थ आहे आणि तो कुणी सांगत नाही. बीज बाहेर पडलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. आणि ते नसेल तर गर्भाशयाच्या आतलं अस्तर नुसतं वाढत राहतं. जमीन सारवायची, वाळली की परत सारवायची, पण जुनं पोपडं कधी खरवडायचंच नाही, तसे थरावर थर. मग चार-पाच महिन्यांनी पाळी येते ती धो धो. पंधरा-पंधरा दिवस थांबत नाही, पोरगी पांढरीफटक पडते, हिमोग्लोबिन सातवर येतं. आणि वर्षानुवर्षं असं चाललं तर त्या अस्तरात पुढे कॅन्सर होण्याचा धोका इतर बायकांपेक्षा काही पट वाढतो. एकूण प्रमाण कमीच आहे, घाबरवायचा हेतू नाही. पण गोळ्या चालू नसताना, गरोदर नसताना, अंगावर पाजत नसताना पाळी तीन महिन्यांहून जास्त लांबली तर 'बरं झालं, कटकट गेली' म्हणून गप्प बसायचं नाही, एवढं तरी प्रत्येक घरात माहीत असायला हवं.

आणि हे 'कटकट गेली' मी सहज नाही म्हणत. आपल्या भागातली भाताची शेतं गेली आणि त्या जागी गोडाऊन उभी राहिली. बारावी झालेल्या कितीतरी मुली तिथे पॅकिंगला जातात. आठ-नऊ तास उभं राहायचं, बाथरूमला जायचं तर सुपरवायझरला सांगून जायचं. अशा मुलीची पाळी दोन महिने आली नाही तर तिला बरंच वाटणार. मला तिला दोष द्यावासा वाटत नाही. पण तिचं हे बरं वाटणं आणि आईचं गप्प बसणं एकत्र आलं की पाच वर्षं निघून जातात.

आता मुलाचं. सरळ प्रश्न आहे, तर सरळ उत्तर द्यायला हवं. पीसीओएस असलेल्या बाईला मूल होत नाही, हे खरं नाही. दर महिन्याला बीज बाहेर येत नसल्यामुळे वेळ लागू शकतो, मदत लागू शकते, पण बहुतेक जणींना मूल होतं. ज्यांचं वजन जास्त आहे त्यांचं पाच-दहा टक्क्यांनी कमी झालं तरी काहींची पाळी आपसूक मार्गावर येते. नाही आली तर बीज तयार व्हायला गोळ्या आहेत. त्यातली लेट्रोझोल आज पहिली निवड मानतात. २०१४ साली अमेरिकेत ७५० बायकांवर झालेल्या अभ्यासात जुन्या क्लोमिफेन गोळीने १९.१ टक्के बायकांना मूल झालं, लेट्रोझोलने २७.५ टक्के. आपल्या देशात या गोळीची कथा वेगळीच. ही मुळात स्तनाच्या कॅन्सरची गोळी, म्हणून २०११ साली सरकारने वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी घातली आणि २०१७ साली ती उठवली. म्हणजे तिकडे अभ्यास छापून येत होता तेव्हा इकडे गोळी बंद!

गोळ्यांनी जमलं नाही तर इंजेक्शनं आहेत, काहींसाठी दुर्बिणीतून ऑपरेशन आहे, आणि त्यानंतर आयव्हीएफ. हा क्रम लक्षात ठेवा. ठाण्यापासून कल्याणपर्यंत गोंडस बाळांचे फोटो लावलेले बोर्ड बघून लोक एकदम शेवटच्या पायरीवर उडी मारायला निघतात, जमीन विकून आलेला पैसा हाताशी असतो. आधीच्या पायऱ्या चढून झाल्या का, हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे. आणि अजून एक. पहिल्याच भेटीत नवऱ्याची वीर्यतपासणी झाली पाहिजे. बायकोच्या फायलीवर पीसीओडी लिहिलेलं असलं की नवऱ्याकडे कुणी बघतच नाही. तिची सोनोग्राफी सहा वेळा होते, त्याची साधी एक तपासणी होत नाही. 'तिच्यातच दोष आहे' हे सगळ्यांना किती सोयीचं!

उलट बाजूही सांगते. पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत, हेही खरं नाही. बीज कधी बाहेर येईल याचा नेम नसतो, पण येतं. नको असेल तर काळजी घ्यावीच लागते.

बरं, मूल राहिलं, म्हणजे संपलं? नाही. गरोदरपणात शुगर आणि बीपी वाढण्याचा धोका या बायकांना जास्त असतो, बाळ दिवसांच्या आधी होण्याचाही. म्हणून नाव घालतानाच डॉक्टरांना 'मला पीसीओएस आहे' हे सांगायचं आणि साखरेची तपासणी सुरुवातीलाच करून घ्यायची. आणि बाळंतपणानंतरही हा आजार कुठे जात नाही. काहींची पाळी काही काळ सुधारते, पण मधुमेहाचा धोका पुढेही राहतो. आपण दक्षिण आशियाई लोक, आपल्याला तो मुळातच जास्त. एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहायची, हा साधा सल्ला आहे. 'सगला बरा व्हईल' मधलं 'सगला' इथे निकालात निघतं.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. गोळ्यांचं पाकीट.

मूल नको असेल तेव्हा या आजारावर बऱ्याचदा देतात त्या गोळ्या म्हणजे गर्भनिरोधक गोळ्याच असतात. त्या पाळी नियमित आणतात, अस्तर साचू देत नाहीत, पुरुषी हार्मोन्सना आवर घालतात. पण आपल्या घरात माला-डीच्या जाहिराती बघून वाढलेल्या बायका आहेत. गोळ्यांचं ते पाकीट त्या लांबून ओळखतात. कुमारी मुलीच्या कपाटात सापडलं तर एक तमाशा, नव्या सुनेच्या पर्समध्ये सापडलं तर दुसरा. "मूल नको म्हणून गोळ्या खाते, आणि वर म्हणते आजार आहे!" माझ्या नात्यातल्या एका मुलीने लग्नाच्या आदल्या आठवड्यात गोळ्या बंद केल्या. कुणी सांगितलं नव्हतं. सासरी ठेवायच्या कुठे, हा प्रश्न होता. तिच्या आईनेही सोनोग्राफीचा रिपोर्ट साड्यांच्या खाली सरकवून ठेवला होता. पुढच्या आठ महिन्यांत दोनदा पाळी आली, दुसऱ्या वेळी रक्त चढवावं लागलं, आणि तेव्हा सासरच्यांना एकदम सगळं कळलं. फसवलं म्हणून जे ऐकावं लागलं ते तिने ऐकलंच, वर अशक्तपणा.

या गोळ्यांनी पुढे मूल होत नाही, हा समज कुठून आला कोण जाणे. तो चुकीचा आहे. सगळ्यांना त्या चालतात असं नाही. अर्धशिशीचा विशिष्ट त्रास, बीपी, रक्ताच्या गुठळीचा इतिहास असेल तर डॉक्टर दुसरं काही देतात, म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी वापरायची नाही. पण गंमत बघा, हळद आहे, सत्यनारायण आहे, गौरी बसणार आहेत म्हटलं की पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून आणून घरातल्या चार-चार बायका बिनदिक्कत खातात. तीही हार्मोनचीच. तेव्हा कुणाला भीती वाटत नाही! देवासाठी हार्मोन चालतं, मुलीच्या तब्येतीसाठी चालत नाही.

मग लग्न ठरवताना सांगायचं की नाही? माझं मत विचाराल तर सांगायचं. मुलाकडच्यांना हक्क आहे वगैरे म्हणून नाही. लपवलं की मुलीचं औषध बंद होतं म्हणून. सांगताना मात्र मान खाली घालून, काही खोट असल्यासारखं सांगायचं नाही. थायरॉइडची गोळी चालू आहे हे आपण सांगतो, चष्म्याचा नंबर सांगतो, तसं. आणि मुलीने स्वतः मुलाला सांगायचं, मध्यस्थाने त्याच्या आत्याला नव्हे. ऐकून जो मागे फिरेल तो आधीच फिरलेला बरा.

मला माहीत आहे, हे लिहायला सोपं आहे. दोन स्थळं मोडली की आईचा धीर सुटतो. तिला मी नावं ठेवत नाही. पण म्हणूनच हे एकट्या आईवर सोडू नये. आपण चार काक्या-मावश्या-आत्या आहोत ना, आपण मोठ्याने बोलायला लागलो की त्या शब्दातली कुजबुज जाईल. शुगरबद्दल एकेकाळी असंच लपवायचे, आता लग्नाच्या पंगतीत लोक 'मला शुगर आहे, जिलबी नको' म्हणून ओरडून सांगतात.

वजनाबद्दल दोन शब्द. 'बसून खाते म्हणून झालं' हा टोमणा बंद करा. सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, आणि ज्यांचं वजन वाढतं त्यांचं उतरवणं इन्सुलिनच्या या गडबडीमुळे जास्तच अवघड जातं. व्यायाम उपयोगी आहे, वजन उतरलं नाही तरी उपयोगी आहे. आमच्या आज्या चिखलात वाकून दिवसभर आवणी करायच्या हे खरं, पण आता शेतच नाही तर पोरीने कुठे वाकायचं? रस्त्यावर चालायचं तर कंटेनर अंगावर येतात. तिला चालायला जागा आणि अर्धा तास मोकळा द्या, मग उपदेश करा. तांदळाची भाकरी आणि मासळी सोडायची गरज नाही, भाताचा डोंगर थोडा कमी केला आणि डाळ, भाजी, मासळी वाढवली तरी पुष्कळ झालं. महागडी पावडर वगैरे विकायला येणाऱ्यांना दारातूनच नमस्कार.

मग घरात करायचं काय? स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. त्यावर दुधाचे खाडे लिहितो, गॅस कधी लागला ते लिहितो. त्यावर मुलीच्या पाळीची एक फुली मारायला काय हरकत आहे? पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती मागेपुढे होणारच, त्याचा बाऊ करू नका. त्यानंतरची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंत चालतं. तीन वर्षं झाली की मात्र २१ ते ३५ दिवसांत यायला हवी. वर्षात आठपेक्षा कमी फुल्या, किंवा कधीही ९० दिवसांची कोरी जागा दिसली तर डॉक्टरकडे. पंधरा वर्षं पूर्ण झाली आणि सुरूच झाली नाही तरीही.

डॉक्टरकडे गेल्यावर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनही तपासतात, कारण पाळी चुकायला तीही कारणं असतात. पाळी सुरू होऊन आठ वर्षं झालेली नसतील तर नुसत्या सोनोग्राफीवरून पीसीओएसचा शिक्का मारू नये, असं २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण त्या वयात बऱ्याच निरोगी मुलींचेही बीजकोश तसेच दिसतात. म्हणजे सोळा वर्षांच्या पोरीचा रिपोर्ट हातात घेऊन रडत बसण्याचं कारण नाही. आणि त्याच तत्त्वांत हेही आहे की या मुलींना उदास वाटतं का, भीती वाटते का, हे विचारावं. विचारलंय का आपण कधी? आरशासमोर चिमटा घेऊन हनुवटीवरचा केस उपटणारी पोरगी दिसली की आपण 'पार्लरला जा' म्हणतो आणि पुढे जातो.

जुन्या काळी पाळीत बाहेर बसवायचे, ती प्रथा गेली ते फार बरं झालं, परत नको. पण तेव्हा निदान घरातल्या सगळ्या बायकांना कुणाची कधी आली आणि कुणाची आली नाही, हे माहीत असायचं. प्रथेबरोबर ती चौकशीही गेली. चौकशी तेवढी परत आणूया, विटाळ नको.

असो. बरंच लांबलं. हे वाचणाऱ्या वहिन्या, काक्या, आणि मुलगी असलेले दादा लोक, तुम्हीसुद्धा... आज घरी गेल्यावर लेकीला एवढंच विचारा, "मागची पाळी कधी आली होती गं?" आणि ती लाजून 'काय हे पप्पा' म्हणाली तर हसा, पण उत्तर घेतल्याशिवाय सोडू नका.